मदत हवी आहे: मनपाच्या मैदानावर तीन दिवसांचा तिकिटाचा संगीत महोत्सव. हरकत कशी घ्यायची, अटी कोणत्या मागायच्या?

पिंपळपार

महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या हद्दीतला प्रश्न आहे. कागद अजून हातात नाहीत, म्हणून शहर आणि आयोजक दोन्ही नावं देत नाही.

विकास आराखड्यात 'खेळाचे मैदान' असं आरक्षण असलेली सुमारे ५ एकर जागा. तीन बाजूंना इमारती, सगळ्यात जवळची कुंपणापासून १५ मीटरवर. चौथ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे ८० मीटरवर रुग्णालय. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार, दुपारी ३ ते रात्री १०, रोज २०,००० प्रेक्षक असं आयोजक सांगतात. आधी नऊ दिवस उभारणी, नंतर चार दिवस उतरवणी. मैदानाला दोन फाटकं, प्रत्येकी ४ मीटर. माती काळी.

सोसायट्यांमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, रद्दच करा. दुसरा म्हणतो, मनपाला भाडं मिळतंय, बचत गटांना स्टॉल मिळतायत, तीन दिवसांनी काय बिघडतं? सात आठवडे हातात आहेत. तिकीटविक्री अजून सुरू नाही. नेमकं काय मागावं आणि कोणाकडे?

कागदवाला

तिकीटविक्री सुरू नाही हीच तुमची जमेची बाजू. एकदा हजारो तिकिटं विकली गेली की कोणतंही कार्यालय परवानगी मागे घ्यायला धजत नाही आणि न्यायालयही 'इतक्या उशिरा का आलात' हे पहिलं विचारतं.

सुरुवात आवाजापासून करू नका, जागेपासून करा. मैदानाच्या आरक्षणावर व्यापारी कार्यक्रम घ्यायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७-अ खाली तात्पुरत्या वापरबदलाचा आदेश लागतो, आणि तो वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरताच मिळतो. शिवाजी पार्कावर खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षाला ४५ दिवस ठरलेले आहेत, ते उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तुमच्या मैदानावर या कॅलेंडर वर्षात आतापर्यंत कोणकोणते कार्यक्रम झाले आणि किती दिवस गेले, याचा तक्ता आधी करा. मेळावे, प्रदर्शनं, लग्नाचे मांडव, सगळं धरून.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणजे सात आठवड्यांत जेमतेम बसतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, म्हणून तीन वेगळे अर्ज करा: मालमत्ता विभागाकडे (भाडेकरार, अनामत, दिवस), नगररचना विभागाकडे (वापरबदल आदेश), पोलीस ठाण्याकडे (ध्वनिक्षेपक आणि कार्यक्रम परवाना, सोबतच्या अटी). 'परवानगी का दिली' असं विचारू नका, 'का'चं उत्तर मिळत नाही. 'अमुक आदेशाची प्रत द्या' असं मागा.

आणि ३० दिवस थांबायचं कशाला? २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख अवलोकनासाठी खुले असतात. मनपात जाऊन फाईल बघा, टिपणीसकट.

साउंडचेक

मी आवाजाच्या बाजूचा, म्हणजे तुमच्या दृष्टीने समोरच्या गोटातला. तरी आकडे आहेत तसे मांडतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागाची मानकं दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (ए). नियम ५(४) म्हणतो की सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्यावर जाता कामा नये. बहुतेक परवान्यांत ७५ छापलेलं असतं. चूक. रहिवासी भागात ५५ अधिक १० म्हणजे ६५ कमी, म्हणून ६५.

आता गणित. मोकळ्या मैदानात कन्सोल (आवाज जुळवायचं टेबल) स्टेजपासून ३० मीटरवर असतो आणि नाचायला लावणाऱ्या संगीताला तिथे साधारण ९८ लागतात. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी: ६० मीटरवर ९२, १२० मीटरवर ८६. लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांची रांग) लावला की जवळच्या पट्ट्यात ही घट ६ ऐवजी ३ च्या आसपास राहते, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्तच. १२० मीटरवर, म्हणजे साधारण समोरच्या हद्दीजवळ, ६५ आणायचे तर कन्सोलवर ७७ ठेवावे लागतील. त्या पातळीला लोकांच्या गप्पा संगीतावर मात करतात. ५ एकरांत हा कार्यक्रम नियमात बसवणं मला जमणार नाही, आणि जमेल म्हणणाऱ्याकडून लेखी घ्या.

ध्वनिसल्लागाराचा एक ठरलेला युक्तिवाद येईल: 'इथे रहदारीचाच आवाज ६८ आहे.' नियमात तुलना मानकाशी आहे, प्रत्यक्षातल्या रहदारीशी नाही. दुसरा युक्तिवाद: मानकातला 'दिवस' सकाळी ६ ते रात्री १०, त्यामुळे १६ तासांची सरासरी काढू. सात तासांचा धिंगाणा नऊ शांत तासांत मिसळला की आकडा गोजिरा दिसतो. म्हणून अटीतच '१५ मिनिटांची सरासरी, चारही हद्दींवर, सतत नोंद' असं लिहून घ्या.

खरा त्रास बेसचा. ५० हर्ट्झला लहरीची लांबी जवळपास ७ मीटर, ती खिडकी बंद केल्याने अडत नाही. आणि 'ए' मापन ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा करून दाखवतं. घरातली भांडी थरथरतात, मीटर मात्र शांत! म्हणून बेस फारसा वजा न करणाऱ्या 'सी' मापनाचीही नोंद मागा. कायद्यात त्याची मर्यादा नाही, पण दोन आकड्यांतला फरक १५-२० च्या वर गेला की सब (बेसचे मोठे स्पीकर) दाबायला सांगता येतं. सब कार्डिऑइड रचनेत लावले (तीनातला एक उलटा, उलट पोलॅरिटी आणि डिले देऊन) तर मागच्या बाजूला १० ते १५ डेसिबल उतरतात. स्टेजची पाठ रुग्णालयाकडे हवी.

डिसेंबरचं आणखी एक: संध्याकाळी जमीन लवकर गार होते, वर उबदार हवेचा थर राहतो आणि आवाज खाली वळतो. दुपारच्या चाचणीत ठीक वाटलेली पातळी रात्री ८ ला लांबच्या इमारतींत जास्त ऐकू येते. चाचणी संध्याकाळीच घ्यायला लावा.

टाळी

हे वाचून वाटतंय की शहरात मोकळ्यावर काही होऊच नये. गणपतीत दहा दिवस स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा हे डेसिबल कुठे जातात? तरुणांनी दर वेळी शहराबाहेर ४० किलोमीटर जायचं का?

कागदवाला

गणपतीलाही हेच नियम आहेत. रात्री १० ते १२ ची सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांना, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीत तुमचे तीन दिवस आहेत का ते पाहा. नसतील तर १० म्हणजे १०. पण हरकतीच्या अर्जात गणपती आणू नका, पहिल्या सुनावणीतच विषय भरकटतो.

रुग्णालयाबद्दल: १०० मीटरच्या आत आहे म्हणून शांतता क्षेत्र आपोआप धरू नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केलेलं असावं लागतं. यादी तपासा. अधिसूचित असेल तर दिवसाचं मानक ५० आणि हद्दीवर ६०.

ट्रस

उभारणीच्या बाजूने लिहितो. टाळी यांचं म्हणणं मला पटतं, शहरात कार्यक्रम व्हायला हवेत. पण या जागेत २०,००० बसत नाहीत, आणि त्याचं कारण आवाज नाही, फाटकं आहेत.

५ एकर म्हणजे सुमारे २०,२०० चौ.मी. स्टेज, मागचं आवार, जनरेटर, खाद्यस्टॉल, शौचालयं, रुग्णवाहिकेची वाट काढली की प्रेक्षकांना निम्मं उरतं. चौरस मीटरला दोन माणसं धरली तर कागदावर २०,००० येतात. बाहेर पडताना काय? सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं, हा स्टेडियमसाठी जगभर वापरला जाणारा आकडा. तुमची ८ मीटर रुंदी म्हणजे मिनिटाला ६५६, सगळे बाहेर पडायला अर्धा तास. आणीबाणीत ८ मिनिटांत मैदान रिकामं व्हायला हवं असेल तर ३० मीटरच्या वर रुंदी लागते. म्हणजे भिंत तीन-चार ठिकाणी तोडून तात्पुरती फाटकं करा, नाहीतर तिकिटं ५,००० वर आणा. जून २०२५ मध्ये बंगळुरूला स्टेडियमच्या फाटकांबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. गर्दी आतल्या जागेत नाही, तोंडाशी अडते.

अग्निशमन दलाकडे हरकत द्या ती याच आकड्यांनी. फाटकांची रुंदी स्वतः टेपने मोजा, खांब आणि बॅरिकेड वजा करून. तिथे प्लॅन मागताना 'प्रेक्षक क्षमता कशी काढली' याचा तक्ताही मागा.

हरळी

काळ्या मातीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. नुकसान तीन दिवसांच्या नाचण्याने कमी आणि तेरा दिवसांच्या ट्रक-क्रेनने जास्त होतं. काळी माती ओली असताना भरलेला ट्रक गेला की ती दाबून विटेसारखी होते, पाणी मुरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच चाकोऱ्यांत तळी साचतात. वरून माती टाकून लॉन लावलं की फोटोला हिरवं दिसतं, खालचा घट्ट थर तसाच.

करारात हे घालायला सांगा:

- वाहनांचा मार्ग एकच, त्यावर लोखंडी प्लेटा किंवा एचडीपीई (कडक प्लास्टिकची) मॅट. १९ मिमी प्लायवूड माणसांसाठी ठीक, ट्रकखाली दुसऱ्याच दिवशी फुटतं.
- उभारणीच्या तीन दिवस आधी मैदानाला पाणी देणं बंद. पाऊस पडला तर वाहनं आत नाहीत.
- मंडपाला खुंट्या ठोकायच्या नाहीत, १,००० लिटरच्या पाण्याच्या टाक्या किंवा काँक्रीटचे ठोकळे वजन म्हणून. खुंट्यांनी तुषार सिंचनाचे पाइप फुटतात आणि ते मार्चमध्ये कळतं.
- क्रिकेटची खेळपट्टी आणि झाडांच्या बुंध्याभोवती, फांद्यांच्या घेरापर्यंत, कुंपण. झाडाला दोरखंड किंवा केबल बांधायची नाही.
- नंतर कोअर एरेशन (मातीच्या कांड्या उपसून काढणारं यंत्र, नुसते खिळे टोचणारं नाही), वर धुतलेली वाळू, पाणी, आणि हरळी धरेपर्यंत चार ते सहा आठवडे त्या पट्ट्यात खेळ बंद.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मुलांचं मैदान 'तीन दिवस' बंद राहत नाही. ९ अधिक ३ अधिक ४ म्हणजे १६, त्यावर हे आठवडे. अनामत रक्कम त्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावरून ठरवा, भाड्याच्या टक्केवारीवरून नको.

टेम्सकाठ

दिवस मोजण्यावरून लंडनमधलं ताजं प्रकरण उपयोगी पडेल. दक्षिण लंडनच्या ब्रॉकवेल पार्कमध्ये उन्हाळ्यात लागोपाठ व्यावसायिक महोत्सव होतात आणि उद्यानाचा मोठा भाग उंच पत्र्यांनी बंद होतो. नियोजन परवानगीशिवाय असा तात्पुरता वापर वर्षाला २८ दिवस करता येतो. उभारणी-उतरवणी धरून वापर ३७ दिवस होत होता. रहिवाशांच्या गटाच्या वतीने याचिका झाली आणि १६ मे २०२५ ला उच्च न्यायालयाने लँबेथ कौन्सिलचा (तिथल्या स्थानिक पालिकेचा) निर्णय रद्द ठरवला. आवाज, कचरा, दारू हे मुद्दे त्यांच्याकडे होतेच, पण निकाल बेरजेवर लागला. अर्थात त्या वर्षीचे महोत्सव तरीही झाले. निकाल पहिल्या कार्यक्रमाच्या तोंडावर आला होता. तिथला कायदा तुमच्याकडे लागू नाही, बेरीज मात्र तशीच करता येईल.

टाळी

ट्रस आणि हरळी यांचं पटलं. ५,००० प्रेक्षक, एक दिवस, लहान साउंड असं मागितलं तर आयोजकाला परवडेल का?

ट्रस

मोठ्या नावांसाठी नाही. मुख्य कलाकाराचं मानधन २०,००० तिकिटांवर बेतलेलं असतं. मात्र अ‍ॅकॉस्टिक किंवा शास्त्रीय कार्यक्रम, संध्याकाळी ५ ते ९, विखुरलेले छोटे स्पीकर, असं त्या मैदानावर चांगलं होईल. आयोजक वेगळा लागेल एवढंच.

पिंपळपार

सर्वांचे आभार. फाटकं आजच मोजली: एकात मधोमध लोखंडी खांब आहे, म्हणजे ८ नाही, ७.४ मीटरच. दोन शंका. आवाज मोजायला फोनवरचं अ‍ॅप चालेल का? आणि कार्यक्रम झालाच तर त्या रात्री काय करायचं?

साउंडचेक

अ‍ॅप फक्त स्वतःच्या अंदाजासाठी. फोनचे माइक मोठ्या आवाजाला दबतात आणि बेस कापतात. दोन-तीन सोसायट्या मिळून क्लास २ (हा अचूकतेचा दर्जा) ध्वनिमीटर, तो तपासून घ्यायच्या कॅलिब्रेटरसकट, भाड्याने घ्या. जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर, भिंतीपासून किमान ३.५ मीटर दूर, माइकवर फोमचं टोपडं. कार्यक्रमाआधीच्या दोन शुक्रवार-शनिवारी त्याच जागी, त्याच वेळेला मोजून ठेवा, नाहीतर नंतरच्या आकड्याला तुलनाच नाही. प्रत्येक नोंदीला वेळ, जागा, ए की सी, आणि वारा कुठून हे लिहा.

कागदवाला

त्या रात्री ११२ ला फोन, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या निकालानुसार पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत बसायचं नाही, हे पथकाला नम्रपणे सांगा. कारवाईचा अधिकार पोलिसांचा. प्रदूषण मंडळाकडे पळण्यात रात्र घालवू नका. पथक आलं की त्यांच्याच मीटरने, हद्दीवर मोजून पंचनामा मागा. पर्यावरण संरक्षण कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आहे, आणि तो लागायला पंचनाम्यावरचा आकडा लागतो, तुमच्या व्हिडिओतला नाही.

सोमवारी जाताना हरकतीच्या अर्जाच्या चार प्रती न्या: आयुक्त, मालमत्ता विभाग, अग्निशमन, पोलीस ठाणे. ७.४ मीटरचा आकडा आणि दिवसांचा तक्ता पहिल्याच पानावर. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या; 'साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा' म्हणाले तर ठेवून येऊ नका.