मिक्सरचं श्रेय माथुर दांपत्याचंही

मिक्सर म्हणजे मुळात परदेशी ब्लेंडर, आपण फक्त नाव बदललं, हे मिक्सरच्या इतिहासावरच्या एका पोस्टमधलं म्हणणं अर्धंच पटतं. भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवायची कल्पना स्टीफन पोप्लावस्कीची, 1922 च्या सुमाराची, अमेरिकेतल्या रसीनची. पण ती होती माल्टेड दूध घुसळण्यासाठी. त्यात सुकं खोबरं आणि धणे टाकून बघा! मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर असंच वाटण करताना जळाला, आणि सीमेन्समध्ये इंजिनियर असलेले त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी मोटर बनवायच्या मागे लागले. त्यातून आला 'सुमीत' मिक्सर. 1963 साली कंपनी निघाली त्यातही माधुरीताई होत्याच, त्यामुळे त्या पोस्टमध्ये फक्त नवऱ्याचं नाव आलेलं मला खटकलं.

कोरडं दळायला आणि ओलं वाटायला वेगवेगळी पाती नि भांडी, हा ब्लेंडर आणि सुमीतमधला खरा फरक. आमच्या आईकडे तोच मिक्सर होता. वाटण घट्ट झालं की त्याचा आवाज जड व्हायचा, आई लगेच बटण बंद करून चमचाभर पाणी घालायची आणि बोटाने कडेचं खाली लोटायची. कार्बन (मोटरला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे) आणि कपलर (मोटर आणि भांडं जोडणारी चकती) तेवढे वेळोवेळी बदलले, मोटर कधीच बांधावी, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळावी, लागली नाही. त्याआधी हेच वाटण ती पाट्यावर वाकून करायची, रोज. म्हणून ही नावं नीट सांगितली जावीत असं वाटतं.