सरकारी मालकी अन् बाजार: एका म्यानात दोन तलवारी?

अमळनेरकर: काल एकाने टाकलेलं वाचलं, 'चीनने समाजवाद कधीच गुंडाळला, सरकारी मालकी आणि बाजार एका म्यानात राहूच शकत नाही.' डोकं सटकलं म्हणून लिहितोय. गुंडाळला तर मोठ्या बँका, तेल, वीज, रेल्वे कोणाची आहे? शहरातली जमीन आजही सरकारची, फ्लॅट घेतला तरी जमीन वापरायचा हक्क 70 वर्षांचा. 1992 ला तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था' हे चक्क ठरवून घेतलं त्यांनी. मालक कोण हा एक प्रश्न, भाव कोण ठरवणार हा दुसरा, अन् तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात कोंबताय.

केळीवाला, रावेर: ठराव काय, कोणीबी करतं. 1978 ला चीनमधल्या शियाओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी चोरून अंगठे लावले अन् सामूहिक शेत घरटी वाटून घेतलं, तेव्हा पोटाला मिळालं. समाजवाद तिथेच हरला.

अमळनेरकर: दादा, शेत वाटलं, मालकी नाही वाटली. जमीन आजही गावाच्या नावावर. सरकारचा कोटा घाला, उरेल ते तुमचं, एवढंच बदललं.

धरणगावचा आबा: सरकारला माल घालणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. 1972 पासून आपल्या महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. माझे वडील तीन दिवस बैलगाडी घेऊन केंद्राबाहेर झोपले, ग्रेडरने चांगल्या कापसाला खालचा ग्रेड दिला, चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, संक्रांतीला देतो म्हणाले अन् आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून गेली तरी पत्ता नाही. त्या वर्षी बहिणीला माहेरी आणलं नाही आम्ही.

शहादेकर: अन् गुजरातमध्ये भाव चढला की रात्री गाड्या सीमेपार, पोलीस हातात टॉर्च घेऊन उभे 😄 भाव पडला की उलटं, तिकडचा कापूस आपल्या केंद्रावर.

चोपड्याचा मामा: तुम्हाला नुसती लाइनच आठवते रे भो! भाव कोसळला तरी घेणारा कोणीतरी होता ना? आता खेडा खरेदीवाला, गावात फिरून माल घेणारा व्यापारी, दारात येतो, काटा मारतो, ओल आहे म्हणून कट्टी (कपात) लावतो, वर आपणच त्याला चहा पाजतो.

धरणगावचा आबा: तो रोख देतो मामा. तुमच्या घरात नोकरीचा पगार येत होता, तुम्हाला चुकाऱ्याचं दुखणं काय कळणार?

चोपड्याचा मामा: पगारावर यायचं काम नाही. दोन एकर कोरडवाहू माझंही आहे.

अमळनेरकर: अहो, मुद्दा कापसाचा नव्हता! बरं, त्यातूनच सांगतो. आपल्याकडे सरकार एकटाच गिऱ्हाईक होता, म्हणून तसं झालं. चीनमध्ये कोट्यापलीकडचं बाजारात विकायची मोकळीक होती.

केळीवाला, रावेर: हो, अन् त्याच मोकळिकीत काय झालं तेही सांग की. एकाच कोळशाचे दोन भाव, सरकारी स्वस्त अन् बाजारातला महाग, मधे बसलेल्या साहेबांनी इकडून उचलून तिकडे विकला. 1989 ला लोक रस्त्यावर आले त्यात हा राग पण होता. पुढे 'मोठे धरा, लहान सोडा' म्हणून छोटे कारखाने विकले, कोट्यवधी कामगार घरी बसवले. कामगारांचं राज्य म्हणे!

अमळनेरकर: ते नाकारत नाही. साहेब लोकांनी खाल्लंच.

धरणगावचा आबा: चला, एक तरी मान्य केलं. मीही करतो, म्यान सरकारी असलं तर तलवारी दोन काय दहा राहतील. आमचा चुकारा तेवढा त्यात अडकवू नका.

चोपड्याचा मामा: आबा, आज खेडा खरेदी काय भावाने चालू आहे तुमच्याकडे?