एलएसएचे (हलकं स्पोर्ट विमान) ब्रेक बदलायचेत, काय काय बघावं?

टेक्सासचा_वैमानिक: मंडळी, माझं एस-एलएसए (कंपनीने तयार करून विकलेलं एलएसए) आहे, रनअपला (उड्डाणाआधी इंजिन जोरात फिरवून तपासताना) ब्रेक दाबून धरले तरी विमान हळूहळू पुढे सरकतं. मॅटको नाहीतर बेरिंगर कंपनीची चाकं-ब्रेक टाकावे म्हणतोय. कोणी केलंय का?

नटबोल्ट: एस-एलएसए म्हणजे आधी विमान बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी परवानगी, मग पाना हातात घ्यायचा. पार्ट कितीही भारी असला तरी मनाने लावता येत नाही. ई-एलएसए (प्रायोगिक वर्गातलं एलएसए) करून घेतलं तर ही कटकट नाही पण मग विमान ट्रेनिंगला भाड्याने देणं विसरा.

हँगरवाले_काका: अहो खर्च कशाला लगेच? लाइनमध्ये हवा असेल, चाकाजवळच्या कॅलिपरकडून तेल वर ढकलत ब्लीड करून (हवा काढून) बघा. आणि पॅड नवे असतील तर ते एकदा नीट तापवून कंडिशन केल्याशिवाय पकड येतच नाही, हे निम्मे लोक करत नाहीत.

नटबोल्ट: +१. तेल पण बघा हां, लाल ५६०६ (विमानाचं हायड्रॉलिक तेल) च्या नायट्राइल रबराच्या सीलमध्ये गाडीचं डॉट ४ ब्रेक ऑइल ओतलं की सील फुगून वाट लागते. टेलड्रॅगर (तिसरं चाक शेपटीखाली) आहे का? मग फार कडक ब्रेक नकोच, नाकावर जाईल.

टेक्सासचा_वैमानिक: नाही, नोजव्हील आहे. पॅड नवेच आहेत, काकांचं आधी करून बघतो.