मदत हवी आहे: जुनी कंबरदुखी आणि गांजाची गमी

नवऱ्याची कंबरदुखी जुनी आहे. फिजिओथेरपी, शेक, पट्टा, वेदनाशामक गोळ्या, सगळं करून झालं. रात्री कूस बदलली तरी कळ येते, मग झोप गेलीच. डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात. गांजाची गमी (चघळून खायची मऊ गोळी) आमच्याकडे कायदेशीर आहे. डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम टीएचसीपासून (गांजातला नशा आणणारा घटक) सुरुवात करायला सांगितलंय, गुंगीवर लक्ष ठेवून. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, तोवर दुसरी द्यायची नाही, हे माहीत आहे. दारू तो घेत नाही. पण रात्री प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे आणि गुंगी दोन्हींनी येते. मला खरी धास्ती तीच. प्रीगॅबालिनसोबत कोणी गमी घेतली असेल तर सांगा: सकाळी उठताना तोल जाणं, डोकं जड राहणं कितपत झालं, आणि सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) जास्त असलेल्या गमीने ते कमी झालं का?