मदत हवी आहे : सहा महिन्यांत कामापुरतं चिनी कसं शिकावं?

चाकणकरीण

नमस्कार मंडळी,

चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत मी सप्लायर क्वालिटी बघते. दिवाळीनंतर दोन वर्षांसाठी सुझोऊला (शांघायजवळचं) जायचं ठरलंय. तिथल्या आमच्या ऑफिसात इंग्रजीवर भागतं. पण माझं काम ऑफिसात थोडंच आहे? ते पुरवठादारांच्या शॉपफ्लोअरवर, आणि तिथे सुपरवायझरपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत कुणालाच इंग्रजी येत नाही. दुभाषा मिळेल, पण दुभाष्यामार्फत रिजेक्शनवर भांडता येत नाही हा माझा कोरियन पुरवठादारांबरोबरचा अनुभव आहे.

हातात साधारण सहा महिने, रोजचा एखादा तास. अडलंय ते असं :

चित्रलिपी शिकू की रोमन अक्षरांतल्या पिनयिनवर भागवू? ऑनलाइन दोन शिक्षिका मिळताहेत, एक तैपेईच्या आणि एक हार्बिनच्या. तैपेईच्या बाईंची वेळ मला सोयीची आहे आणि शिकवतातही गोड, पण सुझोऊसाठी त्या चालतील का? सूर म्हणजे टोन मला ऐकूच येत नाहीत, चारही सारखेच वाटतात. आमचे हे शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यांचं कसं होणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आधी जाऊन आलेले सहकारी सांगतात की तिकडची माणसं मीटिंगमध्ये हो हो म्हणतात आणि नंतर काहीच हलत नाही. हे नक्की काय प्रकरण आहे?

'आता एआय आहे, शिकायचं कशाला' असे प्रतिसाद कृपया नकोत. ॲप आहेच फोनमध्ये. प्रेसच्या आवाजात ते काही ऐकत नाही.

पाटावरवंटा

अभिनंदन! मी जवळच वूशीला काही वर्षं होतो. हेवा वाटतो तुमचा, सूचौ देखणं गाव आहे. (हो, सूचौ. रोमनमधला झेडएच म्हणजे आपला झ नव्हे.)

शिक्षिकेचं आधी सांगतो. हार्बिन (ईशान्य चीनमधलं) घ्या. तैवानात पारंपरिक लिपी चालते आणि उच्चारांसाठी पिनयिनऐवजी चूयिन नावाची ३७ चिन्हं मुलांना शिकवतात. मुख्य भूमीवर १९५० च्या दशकापासून सोपी केलेली लिपी आहे. बोली भाषा दोन्हीकडे समजते, पण फॅक्टरीतल्या पाट्या, ड्रॉइंगवरच्या टिपा आणि फोनवरचे संदेश सोप्या लिपीत असणार. सहा महिन्यांत दोन लिप्यांचा घोळ कशाला? ईशान्येकडच्या लोकांचा उच्चार प्रमाण भाषेला बराच जवळचा असतो हा आणखी एक फायदा.

तो उच्चार तुम्हाला सूचौत ऐकायला मिळेलच असं मात्र नाही. तिथली घरची बोली वू गटातली, ती बीजिंगच्या माणसालाही कळत नाही. तुमच्याशी सगळे पुतोंगह्वा म्हणजे प्रमाण भाषाच बोलतील, पण जिभा दक्षिणेकडच्या. ष चा स होतो. चार म्हणजे 'स्स' आणि दहा म्हणजे 'ष्ष', त्यामुळे 'चार पीस खराब' की 'दहा पीस खराब' यात गफलत ठरलेली. म्हणून एका हाताच्या बोटांवर सहा ते दहा दाखवायच्या त्यांच्या खुणा पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आठची खूण आपल्याला दोन वाटते, तेवढी सांभाळा.

मोठे आकडे हा त्याहून मोठा सापळा. त्यांचं एकक दहा हजारांचं, त्याला 'वान' म्हणतात. आपले पाच लाख नग म्हणजे त्यांचे पन्नास वान, आपला एक कोटी म्हणजे हजार वान. त्यापुढे 'ई', म्हणजे दहा कोटी. इंग्रजीतल्या मिलियनमधून वळसा घेऊ नका. लाखातून थेट वानमध्ये जा, एका शून्याचा तर प्रश्न आहे.

उडती_तबकडी

चित्रलिपीबद्दल माझं मत बहुतेकांना आवडणार नाही. पहिले चार महिने तिच्या वाटेला जाऊच नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था चिनीला सगळ्यात अवघड गटात टाकते आणि २२०० तासांचं शिक्षण धरते. तुमच्याकडे जेमतेम १८० तास आहेत. ते सगळे कानाला आणि तोंडाला द्या. आणि एचएसके, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या चिनीच्या परीक्षेच्या नादी लागू नका, नोकरी तुमच्या हातात आहे.

जुनाजाणता

तबकडीताई, अर्ध्याच गोष्टीला सहमत. हाताने लिहायला शिकू नये, हे मान्य. फोनवर पिनयिन टाइप केलं की अक्षरांचे पर्याय पुढे येतात, त्यातलं बरोबर अक्षर ओळखलं की काम झालं. पण ओळखायला तर हवं! एकाच उच्चाराची इतकी अक्षरं आहेत की नुसत्या पिनयिनवर उभा केलेला शब्दसाठा दोन-तीनशे शब्दांनंतर एकमेकांत मिसळायला लागतो. मी दिल्लीत शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गातली जी मुलं अक्षरं टाळायची ती दुसऱ्या सत्रात हमखास अडकायची. अक्षरं म्हणजे हजारो सुटी चित्रं नाहीत. बहुतेकांत एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा उच्चाराचा. डावीकडे तीन थेंब दिसले की पाण्याशी संबंध, धातूचं चिन्ह दिसलं की लोखंड, तांबं, खिळा असलं काहीतरी. तुमच्या धंद्यात हे दुसरं फार भेटेल.

परीक्षेला बसू नका, पण तिची शब्दयादी वापरा. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत पहिलीला १५०, दुसरीला ३००, तिसरीला ६०० शब्द होते, आणि पहिल्या दोन पातळ्यांत अक्षरांबरोबर पिनयिन छापलेलं असे. रोज तासभर दिला तर दुसरी पातळी आरामात होते. २०२१ मध्ये नऊ पातळ्यांचं नवं मानक आलं, त्यात शब्दांचा बोजा जास्त आहे. पुस्तक घेताना ते कोणत्या रचनेचं आहे हे तेवढं बघा. शब्दकोशाला फोनवर प्लेको, उजळणीला आंकी, दोन्ही पुरेत.

आता सुरांबद्दल. तुम्हाला ते ऐकू येत नाहीत कारण तुम्ही सुटे शब्द ऐकताय. जोड्या ऐका. विकत घेणे म्हणजे 'माय', विकणे म्हणजेही 'माय'. पहिला आवाज खाली दबतो, दुसरा वरून धाडकन खाली येतो. पर्चेसवाल्या बाईला एवढी एक जोडी आली तरी पुष्कळ! दोन सूर मिळून १६ जोड्या होतात, शिक्षिकेला रोज दहा मिनिटं फक्त त्याच म्हणायला लावा.

उच्चारांत मात्र मराठी माणूस इंग्रजीवाल्यांच्या पुढे आहे, पिनयिन इंग्रजीसारखं वाचायचं सोडलं तर. बी, डी, जी म्हणजे ब, ड, ग नाहीत. ते प, ट, क च्या जवळचे. आणि पी, टी, के म्हणजे फ, ठ, ख. (फ दोन्ही ओठ मिटून, 'फॅन'मधला नको. ट-ठ म्हणताना जीभ वळवू नका, दातांच्या मुळाशी टेकवा.) इंग्रजी बोलणाऱ्याला हा श्वासाचा फरक शिकायला महिने लागतात, आपण तो पहिलीत बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. वर आपल्याकडे च दोन : 'चिमणी'तला च म्हणजे पिनयिनचा जे, 'चाक'मधला च म्हणजे त्यांचा झेड. हिंदी बोलणाऱ्याला हा दुसरा च मुद्दाम शिकावा लागतो. सी म्हणजे तोच 'चाक'चा च, श्वास सोडून. तो मात्र आपल्याकडे नाही, घोटावा लागेल.

व्याकरणही घाबरण्यासारखं नाही. क्रियापद चालवायचं नाही, लिंग नाही. वाक्याच्या शेवटी 'मा' लावला की प्रश्न, आपल्या 'येणार का?'मधल्या 'का'सारखा. 'काल आलेला माणूस' ही रचना जशीच्या तशी आहे, आधी 'काल आलेला', मग माणूस. उत्तरेकडे 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदसुद्धा आहे, वोमन आणि त्सान्मन. सूचौत सगळीकडे वोमनच ऐकू येईल. म्हणजे 'वोमन बघून घेऊ' म्हणाले तर तुम्ही त्यात धरल्या आहात की नाही हे विचारून घ्या.

चाकणकरीण

जुनेजाणते काका (काकाच ना?), 'चाक' आणि 'चिमणी' रात्री लेकीला म्हणून दाखवलं. ती सात वर्षांची आहे आणि माझ्याआधी तिला जमलं! 'माय'ची जोडी आता ओळखू येतेय, म्हणजे निदान संशय तरी येतोय.

'हो हो'बद्दल कुणी सांगेल का? आणि जेवणाबद्दल?

पाटावरवंटा

'हो हो'बद्दल मी सांगतो, यात माझे केस पांढरे झालेत.

पहिली गोष्ट, 'हाओ' किंवा 'हाओ त' म्हणजे दर वेळी कबुली नसते. 'तुमचं ऐकलं' एवढाच अर्थ असू शकतो. नकार तोंडावर द्यायचा नाही ही रीत आहे, त्यामुळे तो वेगळ्या कपड्यांत येतो. 'अभ्यास करून बघतो', 'विचार करतो', 'ते जरा सोयीचं नाही', ही तिन्ही वाक्यं ऐकली की पुढचा पर्याय शोधायला घ्या. आपण लग्नाच्या बोलणीत 'बघू, कळवतो' म्हणतो तेव्हा समोरच्याला कळतंच ना, तसंच.

'छा-पु-तुओ' हा शब्द आजच पाठ करा. 'जवळपास' किंवा 'चालतंय' असा अर्थ. क्वालिटीच्या माणसाने तो ऐकला की व्हर्नियर काढावा.

दुसरी गोष्ट म्हणजे म्यानत्स, चेहरा, इभ्रत. सुपरवायझरच्या हाताखालच्या माणसांसमोर त्याच्या लॉटमधला दोष दाखवलात तर तो दोष कधीच नव्हता असं तो शपथेवर सांगेल, आणि पुढच्या वेळी तुमच्यापासून लपवेल. त्याला बाजूला घ्या, नमुना टेबलावर ठेवा आणि 'हे कसं झालं असेल, मला कळत नाहीये' असं विचारा. कारण तोच सांगेल, बऱ्याचदा उपायही. याला गुळमुळीतपणा म्हणणारे आपले लोक भेटतील. माझं मत विचाराल तर यात दोष जास्त लवकर सापडतात.

प्रश्न विचारण्याची पद्धतही बदला. 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' असं विचारलंत तर हो येणारच. 'शुक्रवारपर्यंत व्हायला काय काय लागेल?' असं विचारा.

संपर्काचं आधीच लक्षात घ्या. वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद आहे आणि तिकडे व्हॉट्सॲप, गूगल बंद. तिथे पोचल्यावर मात्र वीचॅटशिवाय पान हलत नाही, पैसे देण्यापासून पुरवठादाराच्या ग्रुपपर्यंत. निर्यातवाले बरेच लोक व्हॉट्सॲप कसंतरी चालवतात, पण कारखान्यातला सुपरवायझर त्यावर नसतो.

आणि वसंतोत्सव, म्हणजे त्यांचं नववर्ष! २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. सुट्टी कागदावर आठवड्याभराची, पण कामगार लांबच्या प्रांतांतले असतात, आधी लवकर जातात, नंतर उशिरा येतात, काही येतच नाहीत. नवीन हात लाइनवर येतात तेव्हाचा लॉट डोळ्यांत तेल घालून तपासा. तुमचा पहिलाच हंगाम त्यात सापडणार आहे.

उडती_तबकडी

जेवणाचं मी सांगते, आम्हीही शाकाहारी, शांघायला होतो. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. खिमा हा तिकडे कित्येकांना चवीपुरता वाटतो, आणि रस्सा डुकराच्या हाडांचा असतो तो वेगळाच. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी खाते, हे वाक्य यजमानांना बौद्ध संदर्भाने पटकन कळतं. अंडं, मासे, हाडांचा रस्सा, डुकराची चरबी नको हे छापील कार्डावर लिहून घ्या, शिक्षिका देतील लिहून. बौद्ध देवळांजवळची शाकाहारी उपाहारगृहं शोधा. तिथे कांदा-लसूणही सहसा नसतो, म्हणजे साहेबांच्या आईसुद्धा जेवतील.

मेजवानीत पेला भिडवताना मोठ्या माणसाच्या पेल्यापेक्षा आपला थोडा खाली धरायचा. दारू पीत नसाल तर पहिल्याच फेरीला सांगा आणि चहाने भिडवा, चालतं. दोन फेऱ्या पिऊन तिसऱ्याला नाही म्हटलं की वाईट दिसतं. भातात काड्या उभ्या खोचू नका, ते मृताच्या पुढच्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

लेकीला नाती शिकवा, ती खूश होईल. वडिलांचा थोरला भाऊ, धाकटा भाऊ, मामा, आत्या, मावशी, सगळ्यांना वेगळे शब्द आहेत. शेजारच्या बाईंना 'आई' (हो, उच्चार जवळपास हाच!) म्हणजे मावशी म्हणून हाक मारली की पुढची दोन वर्षं सोपी.

सोलापुरी_चादर

धागा भारी चाललाय. आमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा उल्लेख कसा नाही अजून? १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर गेले, तिथेच भाषा शिकले, कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. तिकडच्या जुन्या पिढीला 'ख तीह्वा' म्हटलं की लगेच कळतं. ताई, तुम्हीही जायच्या आधी चिनी नाव घेऊन ठेवा. आडनावाच्या पहिल्या उच्चाराशी जुळणारं खरं चिनी आडनाव आणि पुढे दोन अक्षरं, जसं कोटणीसांचं 'ख'. शिक्षिकेकडूनच ठरवा, कंपनीवर सोडलंत तर मराठी आडनावाचे सहा-सात अक्षरी तुकडे पाडतील आणि ते कुणी लक्षात ठेवणार नाही.

चाकणकरीण

सगळ्यांचे खूप आभार. हार्बिनच्या बाईंबरोबर शनिवारी पहिला तास ठरवला, नावाचं त्यांनाच विचारते. एक शेवटचं : पुरवठादारांना द्यायला कंपनी भिंतीवरची घड्याळं देते, लोगो छापलेली. नेऊ ना?

जुनाजाणता

अजिबात नको! 'घड्याळ भेट देणे' आणि 'मरणाऱ्याच्या उशाशी बसून त्याला निरोप देणे' यांचा उच्चार तिकडे एकच. छत्रीही नको. काजू-बदामाचा लाल डबा न्या आणि दोन्ही हातांनी द्या. तुमच्यासमोर तो उघडला नाही तर मनाला लावून घेऊ नका. घड्याळं ॲडमिनला परत करा आणि त्यांनाही कारण सांगा, नाहीतर पुढच्या माणसाबरोबर तीच पाठवतील.