मदत हवी आहे: आईच्या बरगडीखाली कळ, सोनोग्राफी नॉर्मल

भांडुपकर:
आईला पाच दिवस उजव्या बरगडीखाली दुखतंय. श्वास घेतला की कळ येते. डॉक्टर आधी गॅस म्हणाले, मग मुतखडा. सोनोग्राफीत खडा नाही. एक्स-रे, ईसीजी ठीक, फक्त ठोके ११२. आज बाथरूममधून येताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरून खाली बसली. ऑक्सिजन ९६ आहे. कुणाला दाखवू? लवकर सांगा.

मुलुंडची मावशी:
वय काय? शुगर आहे का? ओवा आणि हिंग कोमट पाण्यातून द्या, माझ्या जावेला लगेच उतार पडला होता.

भांडुपकर:
वय ५८, शुगर नाही. ओवा देऊन झाला हो.

नाइट_ड्यूटी:
अलीकडे ऑपरेशन, लांबचा प्रवास? एखाद्या पायाला सूज?

भांडुपकर:
काहीच नाही. सूज कळणार कशी, डाव्या पायाला प्लास्टर आहे. घोटा मोडलाय, तीन आठवडे झाले. पण दुखतंय बरगडीखाली!

नाइट_ड्यूटी:
दादा, हे आधी सांगायचं होतं. आत्ता १०८ ला फोन करा. आईला चालवू नका, जिना उतरवू नका, स्ट्रेचरवरूनच न्या. प्लास्टरमधल्या पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात गेलेली असू शकते. फुफ्फुसाच्या खालच्या भागाला इजा झाली की त्यावरचं आवरण दुखतं, आणि कळ पोटात किंवा खांद्यात जाणवते. ९६ वर विसंबू नका. एक्स-रे, ईसीजीसुद्धा पुष्कळदा साधेच येतात. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला: पायाला प्लास्टर आहे आणि आज भोवळ आली.

गिरगावकर:
उगाच घाबरवू नका. आधी डी-डायमर ही गुठळीची रक्ततपासणी करा, घरी येऊन रक्त नेतात. सीटी स्कॅनसाठी शिरेत टोचतात त्या डायने माझ्या सासऱ्यांची किडनी बिघडली.

नाइट_ड्यूटी:
शंका कमी असेल तेव्हा डी-डायमर नॉर्मल आला तर गुठळी नाही म्हणता येतं. इथे शंका कमी नाही, आणि फ्रॅक्चरनंतर तो तसाही वाढतो. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, म्हणजे सीटी पल्मनरी अँजिओग्रामच लागेल. डायआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात; किडनी खराब असेल तर व्ही/क्यू स्कॅन (फुफ्फुसातली हवा आणि रक्तप्रवाह बघणारा) किंवा पायांचा डॉपलर (शिरांची सोनोग्राफी).

शिवडी_१२:
मेडिक्लेम असेल तर कॅशलेसचं पत्र आधी घ्या. आम्हाला डिस्चार्जला सहा तास बसवलं होतं.

मुलुंडची मावशी:
पत्राचं राहू द्या हो, बाई आधी पोचू देत!

भांडुपकर (रात्री ११.४०):
सीटी झाला. उजव्या फुफ्फुसात खाली गुठळी आहे. रक्त पातळ करणारं हेपरिन सुरू केलं, आयसीयूत ठेवलंय. पाच दिवस प्लास्टर सगळ्यांना दिसत होतं. सोनोग्राफीच्या टेबलावर मी स्वतः तो पाय उचलून ठेवला, पण त्याबद्दल ना कुणी विचारलं, ना मी बोललो. नाइट_ड्यूटी, तुमचे उपकार विसरणार नाही. पुढे रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस लागतील?

नाइट_ड्यूटी:
सहसा निदान तीन महिने, पुढचं तिथले डॉक्टर ठरवतील. मधे एकही डोस चुकवू नका. आणि पेनकिलर विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्राव वाढतो.