वाचनकट्टा ग्रुप : 'यातून काय शिकलात?' विचारू नका

बी-३०२ : सगळ्यांना सलाम, नमस्कार. रविवारी गोष्ट संपल्यावर 'काय शिकलात?' विचारलं की मुलं एका सुरात 'खोटं बोलू नये'. गोष्ट कुठलीही असो 🙈 आपा, मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, तुम्ही कसं करता?

ए-१०४ : भाभी, प्रश्नच बदला. तात्पर्य विचारलं की मूल मोठ्यांना आवडेल ते बोलून मोकळं होतं. पात्रापुढे दोन वाटा असतात तिथे पुस्तक मिटा आणि विचारा, आता हा काय करेल? सब्र (धीर), अमानत (सोपवलेलं जपणं), अद्ल (न्याय) ही नावं सगळ्यात शेवटी. आधी सांगितलीत तर मुलं गोष्ट सोडून तो शब्दच हुडकत बसतात.

सी-५०१ : एखादं उदाहरण द्या ना.

ए-१०४ : कुराणातला यूसुफ नबींचा (पैगंबरांचा) अध्याय, सूरह यूसुफ. १११ आयती (वचनं) आहेत, एका रविवारी उरकू नका, तीन घ्या. आणि नुसत्या कुर्त्याचा माग काढा. यूसुफना विहिरीत टाकून भाऊ त्यांच्या पहिल्या कुर्त्यावर खोटं रक्त लावून अब्बांना दाखवतात. दुसरा मागून फाटलेला, त्यावरून यूसुफ अलैहिस्सलाम निर्दोष ठरतात. तिसरा अब्बांच्या, म्हणजे याकूब अलैहिस्सलाम यांच्या चेहऱ्यावर टाकतात आणि त्यांची नजर परत येते. कुर्ता एकदा खोटी साक्ष देतो, एकदा खरी, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना आपणहून सापडू द्या. लहानांना दुसरा प्रसंग 'खोटा आळ आला' एवढाच सांगा.

ए-१०४ : आणि भावांना नुसतं वाईट ठरवून पुढे जाऊ नका. त्यांना काय हवं होतं? अब्बांचं प्रेम. हेवा मुलांना बरोबर कळतो, घरात धाकटं भावंड असेल तर विचारूच नका.

बी-३०२ : चित्रं काढून घेऊ?

ए-१०४ : विहीर, कुर्ता, काफिला काढू द्या. नबींचं चित्र नको, चेहरा कोरा ठेवूनही नको. हे खडू वाटायच्या आधी सांगा, नंतर कागद काढून घेतला की मूल हिरमुसतं.

डी-२०३ : आणि आपली माकड-मगरीची गोष्ट? ती चालेल का तुमच्या मुलांना?

सी-५०१ : काका, चालेल काय, पंचतंत्र तर आठव्या शतकातच पहलवीतून (जुन्या इराणी भाषेतून) अरबीत गेलंय! इब्न अल-मुकफ्फाचं 'कलीला व दिम्ना'. तिथे मगरीच्या जागी कासव आहे. दोन्ही वाचून दाखवा. माकड 'काळीज झाडावर राहिलं' म्हणतं तिथे कुणीतरी विचारणारच, हे खोटं नाही का? लगेच उत्तर देऊ नका, भांडू द्या. फक्त प्रत्येकाने आपलं म्हणणं गोष्टीतल्या एका ओळीवर बोट ठेवून मांडायचं.

डी-२०३ : 👍 परीक्षेतही तेच मागतात.

ए-१०४ : अजून एक. मुहम्मद पैगंबरांवर कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट सगळीकडे सांगतात, पण हदीसच्या (त्यांच्या वचनांच्या-कृतींच्या नोंदींच्या) मान्य संग्रहांत ती सापडत नाही. त्यापेक्षा बुखारी या हदीस-संग्रहातली तहानलेल्या कुत्र्याची घ्या. माणूस विहिरीत उतरतो, चामड्याचा मोजा पाण्याने भरतो आणि दातांत धरून वर येतो. विचारा, दातांतच का?

बी-३०२ : का?

ए-१०४ : हात चढायला लागतात ना, भाभी.

बी-३०२ : 😄 ठरलं, या रविवारी हीच. पार्किंगमधल्या कुत्र्यांच्या पाण्याच्या वाटीचा विषय निघणार, तयारीत राहा.